विहीणबाईंची चिठ्ठी

केस कापून झाले की आम्ही गिऱ्हाइकाच्या मागे हातातला आरसा धरतो. पुढच्या मोठ्या आरशात त्याला स्वतःची मान, कानामागची बाजू, सगळं दिसतं. गिऱ्हाईक अर्धा क्षण बघतं आणि म्हणतं, "छान." बत्तीस वर्षं मी सलून चालवतोय, पण तो आरसा बघून "छान" सोडून दुसरं काही बोललेला माणूस मला भेटलेला नव्हता. काहींचे केस तर मी चक्क वाकडे कापलेत. ते मला दिसतंय, आरशात त्यांनाही दिसतंय, तरी "छान". मग पुढच्या महिन्यात ते समोरच्या सलूनमध्ये मान खाली घालून बसलेले दिसतात.

म्हणजे या शब्दात किती पाणी असतं ते मला कुणी शिकवायची गरज नव्हती. तरीही व्हॉलीबॉलच्या मैदानावर हाच शब्द मी वर्षानुवर्षं खरा धरून चाललो. यावर हसायचं असेल तर खुशाल हसा. माझी बायको हसून हसून दमली आहे.

मी हौशी पंच आहे. आमच्या धंद्यात रविवार म्हणजे खुर्ची रिकामी राहत नाही असा दिवस, पण रविवारी दुपारपर्यंत दुकान बंद ठेवणारा आमच्या रस्त्यावर मी एकटाच. पोस्टाचा संघ, बँकेचा संघ, कारखान्यांचे संघ असे सगळे शाळेच्या हॉलमध्ये खेळतात आणि आमच्या संघटनेचे लोक शिट्ट्या वाजवतात. त्याबद्दल मिळतं काय, तर एक पाण्याची बाटली आणि पोटभर शिव्या. नेटच्या एका टोकाला शिडी लावलेला उंच स्टँड असतो, त्यावर मुख्य पंच बसतो. समोरच्या टोकाला, खाली जमिनीवर, दुसरा पंच उभा राहतो. चेंडू कुणाच्या बोटाला लागून बाहेर गेला, नेटला कुणाचा हात लागला, असलं काही वरच्याला दिसलं नाही तर खालचा छातीशी हात धरून गुपचूप खूण करतो. निर्णय मात्र वरच्याचा.

वर मी बसायचो. खाली विहीणबाई.

अकरा वर्षांपूर्वी आमची जोडी जमली तेव्हा त्या विहीणबाई नव्हत्या. शहर बससेवेत बस चालवायच्या, अजूनही चालवतात, म्हणून मी त्यांना 'ड्रायव्हर' म्हणायचो आणि त्या मला 'कात्री'. अरे-तुरे चालायचं. चूक झाली की मध्यंतरात सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात ती विचारायची, "कात्री, डोळे दुकानात ठेवून आलास का?" मीही काही कमी नव्हतो. आम्ही इतके भांडायचो की खेळाडू येऊन आमचं भांडण सोडवायचे. पण सामने चोख व्हायचे.

मग दोन वर्षांपूर्वी तिच्या मुलाने आणि माझ्या मुलीने लग्न केलं. आमच्याच सामन्यांत गुणफलक लावायला दोघं यायची. आम्ही दोघं नेटकडे बघत राहिलो आणि फलकामागे काय चाललंय ते आम्हाला कळलंच नाही. लग्न झालं आणि एका दिवसात ड्रायव्हरच्या विहीणबाई झाल्या. तूचं तुम्ही झालं. सामना संपला की त्या म्हणायच्या, "छान झाला हो, व्याहीबुवा." मी म्हणायचो, "तुमच्यामुळे, विहीणबाई." मला वाटायचं, आता या वयात आमची जोडी किती मुरली आहे बघा, एक शब्द वावगा जात नाही.

आता माझी अडचण सांगतो. आमच्या संघटनेत साठीनंतर स्टँडवर बसता येत नाही. कुणीतरी एकदा शिडीवरून उतरताना गुडघा फोडून घेतला, तेव्हापासूनचा नियम. माझी साठी यंदाच्या अंतिम सामन्यानंतर बरोबर एका महिन्याने होती. आणि तेवीस वर्षांत अंतिम सामन्यात मी एकदाही वर बसलेलो नव्हतो. एकदा संधी आली तेव्हा मला बेचाळिसाव्या वर्षी कांजिण्या झाल्या. एकदा त्या वेळच्या सचिवांनी आपल्या साडूला बसवलं. बाकीच्या वेळी कुणी बोलावलंच नाही. मला फक्त एकदा, त्या एका सामन्यात, वर बसून शिट्टी वाजवायची होती. यात फार मोठं मागणं होतं असं मला अजूनही वाटत नाही.

हल्लीचे आमचे सचिव दातांचे डॉक्टर आहेत. फार शिस्तीचा माणूस. त्यांनी हॉलच्या दाराशी कवळ्यांचा एक रिकामा खोका ठेवला होता. प्रत्येक सामन्यानंतर पंचांनी आपल्या जोडीदाराविषयी चिठ्ठी लिहून त्यात टाकायची. हंगाम संपत आल्यावर त्यांनी खोका उघडला. एकशे ऐंशी चिठ्ठ्या निघाल्या. एकशे एकाहत्तर चिठ्ठ्यांवर 'छान', आठांवर 'उत्तम' आणि एकीवर 'पाणी कोमट होतं'.

सचिव संतापले. दुसऱ्याच रविवारी त्यांनी आम्हा सगळ्यांना दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत बसवून वर्ग घेतला. चूक कशी सांगायची याची त्यांची पद्धत होती: आधी काहीतरी गोड, मग कडू, मग परत गोड. पेशंटला सुई टोचताना ते तसंच करतात म्हणे. आम्ही माना डोलावल्या. त्याचा परिणाम एवढाच झाला की पंधरा दिवस कुणी कुणाचं कौतुक केलं की समोरचा दचकायला लागला. एका रेषापंचाला मी सहज म्हटलं, "आज तुमचं झेंड्याचं काम चांगलं झालं," तर तो खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "बोला, काय ते एकदाचं बोलून टाका." घरीही मी बायकोला सांगितलं की तुझी ही साडी बरी दिसते. तिने विचारलं, "कुठे काय सांडलंत?"

कडू तरीही कुणी लिहीना. तेव्हा सचिवांनी शेवटचा उपाय काढला. अंतिम सामन्यासाठी आमची जोडी आणि आणखी एक जोडी विचारात होती. त्यांनी जाहीर केलं की या वेळी निवड चिठ्ठ्या वाचूनच होईल, आणि चिठ्ठीत जोडीदाराची निदान एक खरी चूक नसेल तर ती जोडी बाद. दुसऱ्या जोडीने एकमेकांना 'छान' लिहिलं आणि ती त्याच दिवशी बाद झाली. राहिलो आम्ही.

मी लगेच कामाला लागलो. मुलीकरवी विहीणबाईंना निरोप धाडला की अगदी बारीकशी चूक लिहा, उगाच विचार करत बसू नका. चार नमुनेही पाठवले. शिट्टी जरा जोरात वाजते. बाटली जागेवर ठेवत नाहीत. शर्टाची कॉलर एका बाजूला वळते. असलं काहीही चालेल. विहीणबाईंचा उलट निरोप आला, "बघते, म्हणावं." मी त्यांच्याविषयी लिहिलं: गोड, वक्तशीर आहेत. कडू, बूट करकरतात. गोड, स्वभाव उत्तम. लिहून झाल्यावर मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

बुधवारी संध्याकाळी सचिवांनी मला एकट्याला दवाखान्यात बोलावलं. बसायला दुसरं काही रिकामं नव्हतं म्हणून मी पेशंटच्याच खुर्चीत बसलो. ती मागे कलते, हे माझ्या लक्षात राहिलं नाही. अशा रीतीने छताकडे बघत मी विहीणबाईंची चिठ्ठी ऐकली.

"गोड," सचिवांनी वाचलं, "वेळेवर येतात. कडू. हे चेंडू बघत नाहीत, चेहरे बघतात. चेंडू कुणाच्या बोटाला लागला असं विचारायची वेळ आली की हे वरून सगळ्यांची तोंडं न्याहाळतात आणि जो खजील दिसेल त्याच्याविरुद्ध शिट्टी वाजवतात. पोस्टाच्या कप्तानाला हे कळलेलं आहे. त्याने अगदी निरागस चेहरा बसवला आहे. दोन वर्षांत मी छातीशी केलेली खूण यांनी एकदाही बघितलेली नाही. गोड. शिट्टी स्वच्छ असते."

मी उठायला गेलो, पण खुर्ची उठू देईना.

"यात काही खरं आहे का?" सचिवांनी विचारलं.

"एक अक्षर नाही," मी छताला सांगितलं. "बत्तीस वर्षं मी माणसांचे चेहरे हाताळतोय. खुर्चीत बसलेला माणूस घरी भांडून आलाय की नोकरी सोडून आलाय, ते मी वस्तरा लावायच्या आधी ओळखतो. ते माझं कसब आहे."

"म्हणजे चेहरे बघता."

सचिवांनी कळ दाबून मला सरळ केलं. मग अगदी मऊ आवाजात, सुई टोचतानाच्या, म्हणाले, "त्यांची चिठ्ठी खरी आहे. तुमची नाही. बूट करकरणं ही काय चूक झाली? ज्याला चूक दिसते तो वर बसेल. अंतिम सामन्याला त्या वर, तुम्ही खाली."

घरी कसा पोचलो ते आठवत नाही. पोचल्यावर मात्र मी जे तोंड सोडलं ते शेजाऱ्यांना आठवतं. अकरा वर्षांची जोडी, पोटची पोर त्यांच्या घरात दिली, आणि ऐन वेळी असा पाय ओढायचा. खाली उभा राहणार नाही म्हणजे नाही. त्यांनी खुशाल दुसरा पंच शोधावा.

तेवढ्यात मुलगी आली. बातमी तिच्याही घरी पोचली होती, धावतपळत आली होती. दारातच उभी राहिली. तोंड लालबुंद, नजर खाली. तिला बघितल्याबरोबर माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"तुला माहीत होतं," मी म्हणालो. "त्यांनी तुला विचारूनच लिहिलं. तुझ्या तोंडावरच दिसतंय."

ती आणखी लाल झाली. बायको स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होती. "झालं," ती म्हणाली. "वाजवली शिट्टी."

"म्हणजे?"

"म्हणजे पोरीला तुमच्याएवढंच माहीत होतं. तिला आत्ता, तासाभरापूर्वी कळलं. कुणी कुणाला रागावलं की ही लाल होते. लहानपणापासून होते. वर्गात दुसऱ्या मुलीला छडी बसली तरी हिचे कान लाल व्हायचे."

मग मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, तो रेडिओसुद्धा मी नव्हता पाडला."

रेडिओची गोष्ट अठरा वर्षांपूर्वीची. माझ्या वडिलांचा रेडिओ होता, सलूनच्या फळीवर त्यांच्या काळापासून होता. दुरुस्तीसाठी घरी आणला आणि संध्याकाळी बघतो तर जमिनीवर तीन तुकडे. मी सगळ्यांना ओळीने उभं केलं आणि तोंडं बघितली. ही लाल झाली. महिनाभर तिचं खेळायला जाणं मी बंद केलं होतं. तिच्या मैत्रिणींची स्पर्धाही त्याच महिन्यात होती.

"मग पाडला कुणी?" मी विचारलं.

"मी," बायको म्हणाली. "कपाट पुसताना. तुमच्यासमोर उभी होते की. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मी तुमच्याकडे बघितलं, आणि तुम्ही पुढे सरकलात. दुसऱ्या दिवशी सांगणार होते, मग राहून गेलं. पोरीला मी गुपचूप स्पर्धेला नेऊन आणलं होतं."

"आई दोन्ही दिवस घेऊन गेली होती," मुलगी म्हणाली. ती आता हसत होती. "तुम्हाला वाटत होतं आम्ही देवळात गेलोय."

त्या दोघी हसायला लागल्या. मीही हसलो थोडा, पण मला फार वाईट वाटलं. मैदानावरच्या चुका एक वेळ पोस्टाच्या आणि बँकेच्या हिशेबात गेल्या असतील. पण या पोरीने अठरा वर्षं माझ्या डोळ्यांची चूक स्वतःच्या नावावर ठेवली आणि मी तिला कधी विचारलंही नाही. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "चुकलो गं." ती परत लाल झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान बंद करून मी विहीणबाईंच्या बसमध्ये चढलो. चालकाच्या केबिनशेजारी पाटी असते, 'बस चालू असताना चालकाशी बोलू नये'. मी दांडा धरून तिथेच उभा राहिलो आणि तोंड उघडलं, तर त्यांनी न बघता पाटीकडे बोट दाखवलं. त्यामुळे आमचं सगळं बोलणं थांब्यांवर झालं.

पहिल्या थांब्यावर मी म्हणालो, "विहीणबाई, चिठ्ठी ऐकली."

हँडब्रेक सुटला. पुढच्या थांब्यापर्यंत मी वाट बघितली. बस थांबली तेव्हा त्या म्हणाल्या, "रागावला असाल."

"रागावलो होतो. पण हे तुम्ही दोन वर्षांपूर्वी का नाही सांगितलंत?"

बस निघाली. मोठा रस्ता होता, थांबा येता येईना. विहीणबाई डावा आरसा, उजवा आरसा, वरचा आरसा असं बघत होत्या, त्यांच्या चेहऱ्यावरून मला काहीएक कळेना. शेवटी लाल दिवा लागला.

"कसं सांगणार?" त्या म्हणाल्या. "तुमची मुलगी माझ्या घरात आहे. तुम्हाला काही बोलले तर ते तिला बोलल्यासारखं होणार. ती लाल होते, दोन दिवस जेवताना खाली बघते. मला वाटलं जाऊ दे, खूण करत राहू, कधीतरी दिसेल. तुम्ही बघायचंच सोडलंत."

"मग आत्ता का लिहिलंत?"

दिवा हिरवा झाला. पुढच्या थांब्यावर एक म्हातारे गृहस्थ सावकाश चढत होते, तेवढा वेळ मिळाला. विहीणबाई माझ्याकडे वळल्या. "कारण तुम्ही कॉलर वळते असं लिहायला सांगितलंत. मला वाटलं, या माणसाला मी काय वाटते? पूर्वी तुम्ही असं सांगितलं असतंत तर मी ती चिठ्ठी तुमच्या तोंडावर फेकली असती. ड्रायव्हर मेली की काय, असं वाटलं मला."

त्या जरा रडवेल्या झाल्यासारख्या वाटल्या. पण आता चेहऱ्यांवर माझा भरवसा राहिला नव्हता, म्हणून मी फक्त ऐकलेलं धरून चाललो.

"एक करू," मी म्हणालो. "हॉलच्या बाहेर तुम्ही विहीणबाई आणि मी व्याही. आत गेलं की ड्रायव्हर आणि कात्री."

त्यांनी ब्रेकवरचा हात काढला नाही. मागून कुणीतरी ओरडलं की बस का निघत नाही. "कात्री," ती म्हणाली, "तीन थांबे झाले, तिकीट काढलंयस का?"

काढलं नव्हतं. मी उतरलो आणि चालत परत आलो.

अंतिम सामन्याला हॉल भरला होता. पोस्ट विरुद्ध कारखाना. ड्रायव्हर शिडी चढून वर बसली. मी खाली उभा राहिलो आणि खोटं कशाला सांगू, पहिली दहा मिनिटं मला त्या स्टँडकडे बघवत नव्हतं. तेवीस वर्षांची हाव अशी एका आठवड्यात जात नाही. पण खालून एक गंमत कळली. खाली उभं राहिलं की चेहरे दिसतच नाहीत. नेट आडवं येतं, उड्या मारणारे लोक पाठमोरे असतात. दिसतात ते हात आणि पाय. आणि हातांना खोटं वागता येत नाही. निदान पोस्टाच्या कप्तानाच्या तरी नाही.

त्याला सगळे 'रडक्या' म्हणतात. चौथ्या आणि शेवटच्या डावात तेवीस-तेवीस झालं होतं. कारखान्याच्या खेळाडूने चेंडू हाणला, रडक्याने ब्लॉकसाठी हात वर केले, चेंडू त्याच्यावरून मागे, रेषेच्या बाहेर पडला. रडक्याने लगेच चेंडू बाहेर गेल्याची खूण केली आणि मान वर करून स्टँडकडे बघितलं. तो चेहरा मला दिसत नव्हता, पण मला पाठ होता. भुवया वर, ओठ खाली, आयुष्यात कधी कुणाचं वाईट न केलेल्या माणसाचा चेहरा. दोन वर्षं मी त्या चेहऱ्याला गुण देत आलो होतो. पण त्याच्या उजव्या हाताची करंगळी मी बघितली होती. चेंडू जाताना ती मागे वाकली होती, म्हणजे चेंडू तिला लागूनच बाहेर गेला होता.

मी छातीशी हात धरून खूण केली. ड्रायव्हरने रडक्याकडे बघितलंही नाही, माझ्याकडे बघितलं. शिट्टी वाजली, गुण कारखान्याला. रडक्या क्षणभर उभाच राहिला. मग स्वतःच्या करंगळीकडे बघून म्हणाला, "हे नवीनच." पुढचा गुणही कारखान्याने घेतला आणि सामना संपला. कुणी भांडलं नाही.

चिठ्ठी लिहायला बसलो तेव्हा मात्र पेन थांबलं. कारण ड्रायव्हरचीही एक चूक मी बघितली होती. तिचे केस मानेपर्यंत मोकळे असतात. डावीकडची रेषा बघायला ती झटकन वळली की केस डोळ्यांवर येतात आणि ते बाजूला करेपर्यंत चेंडू पडून गेलेला असतो. तिसऱ्या डावात असा एक चेंडू चुकला होता. मी स्वतःला दोनदा विचारलं, हे सूड म्हणून तर लिहीत नाहीस? सूड थोडा होता, नाही म्हणत नाही. पण चेंडूही चुकला होता. मी लिहिलं: 'डावीकडे वळताना केस डोळ्यांवर येतात. रेषा दिसत नाही. एक गुण चुकला.' बस. मग चिठ्ठी खोक्यात टाकली नाही, तिच्या हातात दिली.

सचिव मागून डोकावले. "गोड कुठे आहे?"

"गोड संपलं," मी म्हणालो.

ड्रायव्हरने ती दोनदा वाचली, घडी करून शिट्टीच्या डबीत ठेवली आणि सरळ निघून गेली. मला वाटलं, झालं, आता पोरीला जेवताना खाली बघावं लागणार. मंगळवारपर्यंत मी धड झोपलो नाही.

मंगळवारी दुपारी सलूनचं दार उघडलं आणि ती आत आली. अंगावर बसचा गणवेश. अकरा वर्षांत माझ्या दुकानात ती पहिल्यांदा पाऊल ठेवत होती. सरळ खुर्चीत जाऊन बसली आणि म्हणाली, "काप. शिट्टी वाजवताना डोळ्यांवर येऊ नयेत असे."

"हे मैदान नाही," मी म्हणालो. "इथे विहीणबाई म्हणायचं की काय?"

"शिट्टीच्या कामाला आलेय मी. पुढच्या हंगामात मला वर बसायचंय आणि तू खाली उभा राहणार आहेस. काप."

मी कापले. इतक्या काळजीने मी कधी कुणाचे कापले नसतील. स्टँड माझा गेला तो गेलाच, याचं मनात काही नाही असं म्हटलं तर खोटं होईल. पण कात्री चालवताना माझ्या ध्यानात आलं की या बाईने मला दोन वर्षं न दिसणाऱ्या खुणा केल्या आणि तरीही दर रविवारी समोर येऊन उभी राहिली. कापड झटकलं, मान पुसली आणि सवयीने हातातला आरसा मागे धरला.

तिने बघितलं. अर्धा क्षण नाही, चांगलं निवांत बघितलं. आधी उजवीकडे, मग वर, मग डावीकडे, बसचे आरसे बघतात तसं.

"कात्री," ती म्हणाली, "डावीकडे वाकडं कापलंयस."

मी वाकून बघितलं. वाकडंच होतं. मी आरसा खाली ठेवला, तिच्या गळ्याभोवती परत कापड बांधलं आणि कात्री उचलली.